नाइटगार्ड लावून झोपच लागत नाहीये, याची सवय खरंच होते का?

पहाटवारा

नमस्कार. मी नाशिकला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघते, वय छत्तीस. वर्षभर सकाळी उठलं की कानशिलं ठणकायची आणि जबडा इतका आखडलेला असायचा की ब्रश आत घालण्यापुरतंही तोंड नीट उघडायचं नाही. आधी सायनसची औषधं झाली, मग मायग्रेनची. दोन्हींनी फरक पडला नाही. मग मध्यंतरी साधा वरणभात खाताना डाव्या खालच्या दाढेचा टवका निघाला. कीड नव्हती, एक्सरे स्वच्छ. दातांच्या डॉक्टरांनी हातात आरसा दिला आणि एकेक दाखवलं: सुळ्यांची टोकं घासून सपाट, गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी वळी उठलेली, जिभेच्या कडेला दातांचे ठसे. म्हणाल्या, "तुम्ही झोपेत दात खाता." घरी येऊन नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "हो, करकर आवाज येतो की रात्री. मला वाटायचं तुला माहीत आहे."

दाढ भरून घेतली आणि वरच्या दातांवर बसणारा कडक, पारदर्शक नाइटगार्ड करून दिला. आता अडचण अशी की तो लावून मला झोप येत नाही. लावल्याबरोबर तोंडाला पाणी सुटतं, उशी ओली होते. मागची कड जिभेला लागली की उबळ येते. पहाटे जाग येते तेव्हा गार्ड पांघरुणात कुठेतरी असतो, कधी काढला ते आठवत नाही. एकदा तर पलंगाखाली सापडला. आणि सकाळी खालचे-वरचे दात जुळतच नाहीत, वेगळ्याच माणसाचे दात तोंडात आहेत असं वाटतं. गार्ड तोंडात असताना चावलं तर डावीकडची शेवटची दाढ आधी टेकते, उजवीकडे हवा राहते.

आई म्हणते, फेकून दे, त्यानेच दात हलतील. ऑनलाइन मऊ गार्ड मिळतात, गरम पाण्यात टाकून आपणच चावून बसवायचे, ते घ्यावेत का? एक दिवसाआड लावला तर चालेल का? आणि सकाळचं हे न जुळणं कायमचं तर होणार नाही ना? ज्यांनी वापरलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, मला खरंच हे जमवायचं आहे. ती दाढ गेली तर पुढचा खर्च आणि त्रास दोन्ही झेपणारे नाहीत.

विदर्भवारा

ते गरम पाण्यातले मी वापरलेत. पहिले काही आठवडे बरे वाटतात कारण मऊ असतात. मग माझ्या बाबतीत असं झालं की दाताखाली काहीतरी चघळायला मिळाल्यासारखा जबडा रात्रभर चालू. सकाळी आधीपेक्षा जास्त दुखायचं. दोन-तीन महिन्यांत दाढेच्या जागी आरपार भोक पडलं. शिवाय जाड असतो, ओठ मिटत नाहीत, तोंड कोरडं पडतं. प्रवासात किंवा डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत ठीक आहे. तुमच्याकडे मापाचा कडक गार्ड आहे तर तोच नीट बसवून घ्या.

टाकेवाली

ताई, मी इचलकरंजीची, ब्लाउज शिवते, वीसएक वर्षं झाली या कामाला. नाइटगार्ड तीन वर्षांपासून वापरते आणि आता तो लावल्याशिवाय मला आडवं व्हायला नको वाटतं. म्हणून सांगते, सवय होते. पण तुमच्या लिहिण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या आधी वेगळ्या करू.

लाळ सुटणं, उबळ, झोपेत काढून टाकणं, सकाळी थोडा वेळ दात न जुळणं या सवयीच्या गोष्टी आहेत. पण गार्ड तोंडात असताना डावीकडे आधी टेकतं आणि उजवीकडे हवा राहते, ही सवयीची गोष्ट नव्हे. ब्लाउज पहिल्या ट्रायलला काखेत ओढत असेल तर मी गिऱ्हाइकाला "घालून घालून सैल होईल" असं कधी सांगत नाही, तिथली शिलाई उसवते. तुमचा गार्ड अजून ट्रायललाच आहे असं समजा आणि याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा. त्या तुमच्या दातांमध्ये निळा किंवा लाल कागद धरतील, टकटक करून चावायला सांगतील, मग डावी-उजवीकडे घासायला सांगतील. गार्डवर जिथे गडद ठिपका उठेल तिथे तो जास्त लागतो. तेवढीच जागा मशीनने घासायची, पुन्हा कागद, पुन्हा घासायचं. दोन्ही बाजूंना सारखे ठिपके येईपर्यंत. माझ्या वेळी पहिल्या महिन्यात परत परत जावं लागलं. डॉक्टरांनी त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, ते कामातच धरलेलं असतं. संकोच करू नका. एका बाजूला उंच असलेला गार्ड तुम्ही नेटाने लावत राहिलात तर त्याच बाजूचा जबडा आणि कानासमोरचा सांधा दुखायला लागेल, आणि मग तुम्ही तो कपाटात ठेवून द्याल. माझ्या ओळखीत असे दोघे-तिघे आहेत.

उबळ येते त्याचंही तिथेच सांगा. टाळूकडची मागची कड थोडी कमी करून गुळगुळीत करता येते. माझी केली होती, त्या दिवसापासून उबळ गेली.

आता सवयीचं. गार्ड अंथरुणात पडल्यावर पहिल्यांदा तोंडात घालू नका. मी संध्याकाळी हूक आणि काजं करायला बसते, तेव्हा जेवण होऊन दात घासून झालेले असतात. तेव्हाच गार्ड लावायचे आणि तासभर हात कामात ठेवायचे. पहिल्या दिवसांत लाळ इतकी यायची की सुई बाजूला ठेवून गिळावं लागायचं. तोंडात काही आलं की शरीर त्याला खाणं समजतं, म्हणून लाळ सुटते. ते आपलं आपण कमी होतं, मला दोनेक आठवडे लागले. त्या तासात मोठ्याने बोला, मुलांशी, फोनवर, कुणाशीही. जीभ जागा शिकते. मग झोपताना तो नवा पाहुणा राहत नाही. उशीवर पंचा घाला आणि शक्यतो कुशीवर न झोपता उताणं झोपा, तेवढ्याने उशी कोरडी राहते.

झोपेत काढून टाकण्याचं मला वाटतं बहुतेकांचं होतं. घट्टपणा सहन होईना की हात आपोआप जातो. बसवून घेतल्यावर ते कमी होईल. जाग आली आणि गार्ड बाहेर दिसला तर निमूट धुऊन परत लावा, स्वतःला रागावू नका. एक दिवसाआड लावू नका एवढं मात्र कळकळीने सांगते. मध्ये खंड पडला की परत लावताना घट्ट लागतो आणि पहिल्या पायरीवरून सुरुवात. रोज थोडा वेळ चालेल, पण रोज.

घट्टपणाचं असं आहे: लावल्यावर पहिली काही मिनिटं सगळ्या दातांना सारखा दाब वाटला तर ठीक. एकच दात ठसठसतो, किंवा सकाळी एकच दात बोटाने दाबल्यावर दुखतो, तर ते डॉक्टरांना दाखवायचं.

सकाळी दात न जुळण्याची भीती मलाही होती. रात्रभर जबडा वेगळ्या ठेवणीत राहतो, काढल्यावर स्नायूंना जुन्या जागी यायला थोडा वेळ लागतो. माझं चहा होईपर्यंत जुळतं. मी उठल्यावर गार्ड काढून थोडा वेळ तोंड हळू उघड-मीट करते, मग भाकरीचा पहिला घास दोन्हीकडून चावते. तुमचं दुपारपर्यंत तसंच राहत असेल, किंवा दिवसागणिक वाढत असेल, तर थांबू नका, दाखवा. अर्धा-पाऊण तास असेल तर काळजी नको.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते. गार्ड दात खाणं थांबवत नाही. माझा गार्ड तीन वर्षांत मागच्या बाजूला पांढरट झालाय, चकाकी गेलीय, ओरखडे पडलेत. डॉक्टर दर सहा महिन्यांनी तो हातात घेऊन उजेडात धरतात आणि म्हणतात, "बघा, हे सगळं तुमच्या दातांवर झालं असतं." घासणं चालूच आहे, फक्त दातांऐवजी गार्ड झिजतोय. तो झिजण्यासाठीच केलेला असतो. त्यामुळे नवऱ्याला अजून आवाज ऐकू आला तर गार्ड वाया गेला असं समजू नका.

पण जबडा दुखायचा कमी व्हायचा असेल तर दिवसाकडे बघावं लागतं. मला डॉक्टरांनी विचारलं, "काम करताना दात कुठे असतात?" मी कधी लक्षच दिलं नव्हतं. सुईत दोरा ओवताना, बाही जोडताना, गळ्याची पट्टी वळवताना माझे दात एकमेकांवर घट्ट दाबलेले असायचे. लग्नसराईत तर सकाळपासून रात्रीपर्यंत. जेवताना-गिळताना सोडलं तर दात एकमेकांना टेकायची गरजच नसते. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे टाळूला टेकलेलं, ही जबड्याची आरामाची जागा. मी मशीनच्या दांड्याला लाल दोरा बांधलाय. तो दिसला की दात सोडायचे. सुरुवातीला दर वेळी दात दाबलेलेच सापडायचे. आता क्वचित. तुम्ही हिशेबाचं काम करता, संगणकाच्या कडेला एखादी टिकली चिकटवा. महिनाअखेरीला तर नक्की.

आणखी एक. शिलाई करणाऱ्या बायका दाताने दोरा तोडतात, टाचण्या दातात धरतात. माझ्या पुढच्या दाताला त्याने खाच पडली आहे. आता छोटी कात्री गळ्यात अडकवून ठेवते. तुम्हीही पेनचं टोपण, नखं, सुपारी, बर्फ, कडक चिक्की असं काही चावत असाल तर सोडा. भरलेल्या दाढेला ते परवडत नाही. रात्री झोपण्याआधी तव्यावर सुती फडकं गरम करून दोन्ही गालांच्या कोपऱ्यावर, दात आवळल्यावर जिथे गोळा उठतो तिथे, दहा मिनिटं शेकते. बोटांनी गोल गोल चोळते. संध्याकाळी सहानंतर चहा बंद केला, त्यानेही फरक पडला. आमच्या घरी तो सोडणं सोपं नव्हतं, पण सोडला.

धुण्याचं: सकाळी काढला की लगेच गार पाण्याखाली, मऊ ब्रशने, हात धुवायच्या पातळ साबणाचा एक थेंब. टूथपेस्ट लावू नका, तिच्यातल्या खरखरीत कणांनी ओरखडे पडतात आणि मग त्यात घाण बसते. गरम पाणी अजिबात नाही, आकार बिघडू शकतो. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, गार्डवर पांढरा थर चढतो. मी शेवटी पिण्याच्या पाण्याने खळबळते. भोकं असलेल्या डबीत ठेवायचा. आणि डबी उंच ठेवा. शेजारच्या कुत्र्याने माझ्या बहिणीचा गार्ड चावून टाकला, कुत्र्यांना तो वास आवडतो.

मला साडेतीन हजार पडले होते. दाढेला रूट कॅनल आणि कॅप करावी लागली असती तर त्याच्या कितीतरी पट गेले असते.

साचेकार

मी कोल्हापुरात डेंटल लॅबमध्ये काम करतो, असे गार्ड रोज बनवतो. टाकेवाली ताईंनी लिहिलेलं अगदी बरोबर आहे. मी फक्त टेबलाच्या या बाजूचं सांगतो, म्हणजे तुमचा गार्ड एका बाजूला का टेकतोय ते कळेल.

तुमच्या तोंडात ट्रे घालून जे थंडगार, गुलाबी किंवा हिरवट माप घेतात त्याला अल्जिनेट म्हणतात. ते हवेत राहिलं की आकसतं, म्हणून लवकर त्यात दगडी प्लास्टर ओतावं लागतं. वरचा-खालचा असे दोन साचे होतात. चाव्याचं मेण दिलेलं असतं, त्यावरून ते दोन साचे जबड्यासारख्या हलणाऱ्या सांगाड्यात बसवतो. मग मेणाचा गार्ड करायचा, तो साच्यात दाबायचा, मेण काढून तिथे अ‍ॅक्रिलिक भरायचं, गरम पाण्यात शिजवायचं, मग घासून चकाकी आणायची. मागच्या दाढांवर जाडी साधारण दोन मिलिमीटर ठेवतो. खालचे सगळे दात सपाटीवर एकाच वेळी टेकले पाहिजेत, आणि जबडा बाजूला सरकवला की सुळ्यासमोरच्या छोट्या उतारावर घसरून मागच्या दाढा सुटल्या पाहिजेत. या घडणीला मिशिगन स्प्लिंट म्हणतात, मिशिगन विद्यापीठातल्या रॅमफ्योर्ड आणि अ‍ॅश यांच्यामुळे ते नाव पडलं.

आता अडचण कुठे येते? दात हाडाच्या खोबणीत किंचित दबतात, साचा दबत नाही. सांधा थोडा इकडेतिकडे सरकतो, लोखंडी सांगाडा ठरल्या मार्गानेच फिरतो. त्यामुळे लॅबमध्ये कितीही जपून केलं तरी शेवटचा हात खुर्चीतच फिरवावा लागतो. तुमच्या बाबतीत तर दाढही नुकतीच भरली आहे. माप भरण्याआधी घेतलं होतं की नंतर, हे डॉक्टरांना जरूर विचारा. खालच्या दाढेचा भराव जरा उंच असेल तरी तीच दाढ गार्डवर आधी टेकणार. आणि पुढे कधी वरच्या दाताला कॅप बसवली किंवा मोठा भराव केला तर जुना गार्ड बसणार नाही. जाताना तो सोबत न्यायचा.

मऊ गार्डबद्दल: लॅबमध्ये तो एका प्लास्टिकच्या पत्र्याला गरम करून साच्यावर हवेने ओढून बसवतात, काम लवकर होतं म्हणून स्वस्त. सगळ्यांना वाईट असतो असं नाही. पण 1987 साली ओकेसन यांनी दहा जणांवर एक लहानसा अभ्यास केला होता. कडक गार्डने दहापैकी आठ जणांच्या स्नायूंचा रात्रीचा ताण कमी झाला, मऊने पाच जणांचा उलट वाढला. दहाच माणसं, त्यामुळे त्यावरून कायदा करू नये. पण विदर्भवारा यांचा अनुभव आमच्याकडे परत येणाऱ्या भोकं पडलेल्या गार्डांशी जुळतो. मधला प्रकारही आहे, आतून मऊ, बाहेरून कडक. कडक अजिबात सहन होत नसेल तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

एक इशारा. पुढच्या चार-सहा दातांपुरते छोटे गार्ड मिळतात, "हलका, कळतही नाही" म्हणून. देखरेखीशिवाय ते महिनोन्‌महिने लावू नका. मागच्या दाढांना आधार राहत नाही, त्या हळूहळू सरकू शकतात आणि चावा खरोखर बदलतो. तुमच्या आईंची दात हलण्याची भीती तिथे खरी ठरते. सगळ्या दातांना झाकणारा, नीट बसवलेला गार्ड असेल तर तसं होण्याची शक्यता फार कमी.

घाटमाथा

ताई, एक विचारायचं राहिलंय. तुम्ही घोरता का? यजमानांना विचारा. आणि घोरताना मध्येच आवाज थांबून मग धाप लागल्यासारखा श्वास येतो का, तेही.

मी ट्रक चालवायचो, आता घरचंच वर्कशॉप आहे. माझेही दात झिजलेले, मलाही गार्ड दिलेला. पण दिवसा बसल्या जागी डोळा लागायचा, सकाळी डोकं जड. शेवटी पुण्याला झोपेची तपासणी केली, अंगाला तारा लावून रात्रभर झोपवतात ती. झोपेत श्वास अडकायचा आजार निघाला. रात्री मेंदू अर्धवट जागा होतो त्या झटक्यांच्या आसपास दात खाणं जास्त होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. आता श्वासासाठीचं मशीन लावून झोपतो. दात खाणं पूर्ण गेलं नाही, पण सकाळचं डोकं गेलं आणि गाडी चालवताना झापड येत नाही.

हे लिहायचं कारण, ज्यांना श्वास अडकायचा त्रास आहे त्यांच्यापैकी काहींना फक्त वरच्या गार्डने तो त्रास वाढू शकतो. 2004 मध्ये दहा रुग्णांवर तपासून हे नोंदवलं गेलंय, त्यातल्या निम्म्यांचं वाढलं होतं. अशांसाठी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं वेगळं उपकरण असतं. तुम्हाला तसं काही नसेलही. पण घोरणं, दिवसाची झोप, वाढलेला रक्तदाब यातलं काही असेल तर दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा.

आणि आजार, आजार म्हणून घाबरू नका. 2018 मध्ये या विषयातल्या अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून व्याख्या केली. त्यात अंगी दुसरा काही दोष नसलेल्या माणसाच्या बाबतीत दात खाण्याला आजार म्हटलेलं नाही, जबड्याच्या स्नायूंची हालचाल म्हटलंय. नुकसान होत असेल तर आवरायचं, एवढंच.

अंगणवेल

धागा चांगला चाललाय म्हणून इथेच विचारते. माझा मुलगा सहा वर्षांचा, झोपेत कराकरा दात खातो. सासूबाई म्हणतात जंत झालेत. त्यालाही गार्ड करावा लागेल का?

औषधवाला_लातूर

ताई, आमच्या मेडिकलवर दर आठवड्याला कुणीतरी हेच सांगून जंतांचं औषध मागतं. जंतांसाठी गोळी द्यावीच, शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला, अल्बेंडाझोल फुकट मिळते. पण तिने दात खाणं थांबेल अशी आशा धरू नका, तो संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. लहान मुलांत हे खूप आढळतं आणि वाढत्या वयात बहुतेकांचं आपोआप कमी होतं. दुधाचे दात पडून नवे येत असतात, जबडा वाढत असतो, त्यामुळे त्या वयात सहसा गार्ड देत नाहीत. मुलगा तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का, टॉन्सिल वाढलेत का, ते मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दात दुखतात म्हणाला किंवा तुटके दिसले तर दातांच्या डॉक्टरांना.

मूळ प्रश्नाबद्दल एक भर. नैराश्य किंवा चिंतेसाठीच्या काही गोळ्यांनी, म्हणजे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन या गटातल्या, काही जणांचं दात आवळणं सुरू होतं किंवा वाढतं. कुणी घेत असेल तर स्वतःहून बंद करू नका, त्याचे परिणाम वाईट होतात. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात. तंबाखू, सिगारेट आणि रात्रीचं मद्य यांनीही वाढतं.

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. टाकेवाली ताई, तुमचं उत्तर मी नवऱ्याला आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

डॉक्टरांकडे जाऊन आले. साचेकार दादांनी म्हटल्याप्रमाणे विचारलं, तर माप दाढ भरण्याच्या आधीचंच होतं. निळा कागद लावल्यावर डावीकडे शेवटी एकच गडद ठिपका, बाकी गार्ड कोरा. आधी भराव अगदी थोडा उतरवला, मग गार्ड बराच वेळ घासत बसल्या. आता दोन्हीकडे ठिपके उठतात. मागची कडही कमी केली. खुर्चीतून उठतानाच फरक कळला, जबडा टेकून शांत राहतो. घोरणं नाही, नवऱ्याने ठामपणे सांगितलं. अशी कुठली गोळीही घेत नाही. पंधरा दिवसांनी परत बोलावलंय.

रात्री अजून एखाद्या वेळी काढून टाकते, पण पहाटेपर्यंत तरी राहतो. संगणकाला हिरवी टिकली लावली आहे. जीएसटीच्या तारखेच्या आदल्या दिवशी तिच्याकडे बघितलं, तर दर वेळी दात आवळलेले. इतकी वर्षं मी दिवसभर हेच करत होते आणि मला पत्ता नव्हता, याचं फार वाईट वाटलं.

एकच विचारायचं राहिलं. पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न, चार दिवस एका हॉलमध्ये दहा-बारा जणी एकत्र झोपणार. गार्ड न्यायचा का? सगळ्यांसमोर काढायला-लावायला फार अवघड वाटतंय.

टाकेवाली

न्यायचा ताई, नक्की न्यायचा. लग्नघरात जागरणं, धावपळ, अवेळी चहा, त्याच रात्री दात सगळ्यात जास्त खाल्ले जातात. दिवे मालवल्यावर पांघरुणात लावायचा, पहाटे आंघोळीला जाताना मोरीत काढून धुवायचा, कुणाला कळतही नाही. डबीवर नाव लिहा. कागदात किंवा रुमालात गुंडाळून ठेवू नका, कुणीतरी आवरताना कचऱ्यात टाकतं. डबी पर्समध्ये, पर्स उशाशी. उन्हात उभ्या गाडीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नका, तापतो. आणि कुणी विचारलंच तर दाढ जपायला आहे म्हणून सरळ सांगा. मी सांगितलं तेव्हा आमच्या भिशीतल्या दोघी दुसऱ्याच आठवड्यात आपले दात दाखवायला गेल्या.